तिघी एकाच दिवशी बाहेर

सूड घ्यायला मला अठरा वर्षं लागली. घेतला तेव्हा मी मागच्या खोलीत गादीवर आडवी पडले होते, पोटावर गरम पाण्याची पिशवी होती, आणि पलीकडे स्वयंपाकघरात माझ्या सासूबाई चाळीस माणसांचा महालक्ष्म्यांचा स्वयंपाक एकट्या करत होत्या. माझं पोट अजिबात दुखत नव्हतं. पिशवी नुसती शोभेला होती.

हे वाचून मी कोणाला दुष्ट वाटले तर वाटू द्या. त्या दिवशी मी होतेच.

मी नंदनवनातल्या एका मेडिकलमध्ये काम करते. माहेर रामटेककडचं, शिक्षण डी. फार्म. लग्न होऊन नागपुरात आले तेव्हापासून त्याच काउंटरमागे उभी आहे. पुरुष बायकोसाठी पॅड घ्यायला येतात तेव्हा आधी खोकल्याचं औषध मागतात, मग पंख्याकडे बघत म्हणतात, "अन् ते एक द्या." पोरी येतात, दुकानात दुसरं कोणी नाही हे पाहतात आणि हळूच पोटदुखीची गोळी मागतात. मी प्रत्येकीला तेच सांगते. दुखणं वाढायची वाट पाहू नको. कंबर भरून आली, पहिली कळ आली, की लगेच घे, पण उपाशीपोटी घेऊ नको, काहीतरी खा आणि मग घे. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर ठेव, जमेल तेवढं चाल. पित्ताचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नको. आणि दर महिन्याला दुखणं वाढतच चाललं असेल, शाळा-कॉलेज बुडत असेल, तर मला विचारू नको, लेडी डॉक्टरकडे जा.

अनोळखी पोरी हे सगळं मान डोलावून ऐकायच्या. घरी माझं कोणी ऐकत नव्हतं.

माझी स्वतःची पाळी तेराव्या वर्षापासून दुखरी. पहिल्या दिवशी पोटात कोणी ओलं कापड पिळतंय असं वाटायचं, मांड्या भरून यायच्या, उलटी व्हायची. माहेरी आई ओवा आणि गूळ द्यायची, विटेचा तुकडा तव्यावर गरम करून फडक्यात गुंडाळून द्यायची आणि शेजारी बसून राहायची. सासरी आले आणि पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी माझ्या कपाटातली गोळ्यांची पट्टी काढून कचऱ्यात टाकली.

"ह्या गोळ्या गरम पडतात. मूल राहत नाही."

मी म्हटलं, आई, मी हेच शिकले आहे, तसं काही होत नाही.

"शिकली म्हणून का आमच्याहून जास्त समजते तुले? आम्ही नाही का काढले दिवस?"

तीन वर्षांत मला मुलगी झाली. गोळ्या मी दुकानात चोरून खातच होते. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायची गरज घरात कोणालाच वाटली नाही.

पोट दुखतं म्हटलं की त्या जवळ येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "कुठं दुखते, दाखव." मी ओटीपोटावर हात ठेवायचे. त्या वाकून पाहायच्या. आता तिथे पाहण्यासारखं काय असणार? "काहीच तं नाही दिसून राहिलं," म्हणायच्या आणि कणकेची परात माझ्यापुढे सरकवायच्या. मी पोळ्या लाटायचे. दात आवळून लाटायचे, पण लाटायचे. नवरा डबा घेऊन हिंगण्याला कंपनीत जायचा. तो वाईट माणूस नाही, पण आई आणि बायको यांच्यामध्ये सापडला की त्याला लगेच बाहेर काहीतरी काम आठवतं.

आता यातली गंमत ऐका. दुखण्याची गोळी ज्या घरात विष होती, त्याच घरात दुसरी एक गोळी दरवर्षी प्रसादासारखी वाटली जायची.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. पहिल्या दिवशी स्थापना, दुसऱ्या दिवशी पूजा आणि जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. जेवणाचा दिवस म्हणजे खरी परीक्षा. पुरणपोळी, सोळा भाज्या, अळू, वडे, आंबील, चटण्या, सगळं सोवळ्यात, सगळं घरच्या बायकांच्या हातचं. बाहेरून एक पापडसुद्धा चालत नाही. अशा वेळी सुनेला पाळी आली तर ती बाहेर बसणार, मग करणार कोण? म्हणून आठ दिवस आधी सासूबाई मला बोलवायच्या. "पुढं ढकलाच्या गोळ्या आणजो. तुह्यासाठी अन् मोठीसाठी."

मोठी म्हणजे माझी मोठी जाऊ. खाली ती राहते, वर आम्ही. तिची दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला आहेत. पंचवीस वर्षं तिने या गोळ्या खाल्ल्या. एका वर्षी तिचं डोकं इतकं दुखलं की पुरण शिजवता शिजवता ती भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली, आणि सासूबाई म्हणाल्या, "सोवळ्यात भिंतीले टेकू नको."

त्या दिवसांत निम्मं नागपूर माझ्या काउंटरवर तीच गोळी मागायला येतं. चिठ्ठी कोणाकडेच नसते. मी परत पाठवते, तर बाया रस्त्यापलीकडच्या दुकानात जातात. ती गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नसते, आणि ती थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी जी पाळी येते ती कित्येकींना नेहमीपेक्षा जास्त त्रास देते. मला तर फारच द्यायची. महालक्ष्म्यांना निरोप दिला की दोन दिवसांनी मी दुकानाच्या मागच्या बाजूला खोक्यांवर वाकडी होऊन बसलेली असायचे. घरात तोवर कौतुक चाललेलं असायचं. "आमच्याकडे आजवर महालक्ष्म्यांले कधी अडचण नाही आली," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. ती अडचण कोणाच्या पोटात कोंबून ठेवलेली असायची, ते कोणी विचारत नव्हतं.

माझ्यापुरतं होतं तोवर मी ते चालवून घेतलं. गेल्या वर्षी त्यांनी माझ्या मुलीला धरलं.

ती तेव्हा चौदा वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी पाळी सुरू झाली आणि माझं दुखणं तिने जसंच्या तसं उचललं. माझ्याकडे त्यांनी तिच्यासाठी गोळ्या मागितल्या तेव्हा मी साफ नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्याच दुकानातून पट्टी आणली, आणि मी कामावर गेल्यावर रोज दुधाबरोबर तिला देत राहिल्या. पोरीला वाटलं, आईला माहीत आहे.

जेवण झालं, निरोप झाला, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिची खो-खोची जिल्ह्याची निवड होती. वर्षभर पोर मैदानावर घाम गाळत होती. त्या सकाळी तिला पाळी आली. मी दुकानात. घरी दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी मी तिच्या कंपासपेटीत ठेवली होती, ती आदल्याच दिवशी सासूबाईंना सापडून कचऱ्यात गेली होती. तिने आजीला सांगितलं की फार दुखतंय. आजीने लिंबूपाणी दिलं आणि म्हणाली, "तुही माय बी अशीच करते. नाटकं शिकवली तिनं तुले."

मी दुपारी दोनला घरी आले. पोर न्हाणीघराच्या फरशीवर पडली होती, कारण फरशी गार होती. शेजारी उलटी. ओठ पांढरे. शाळेची चमू केव्हाच निघून गेली होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तर ती म्हणाली, "आई, मी नाटक करते का गं?"

ती थट्टा करत नव्हती, चिडलेलीही नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. दुखत होतं तिला, आणि विचारत होती मला.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, तशी माझी गेली. माझं पोट सतरा वर्षं खोटं ठरलं, ते मी सोसलं. पण माझ्या पोरीला तिचं स्वतःचं दुखणं खोटं वाटायला लागलं, हे मी कोणालाही माफ करणार नव्हते. त्या फरशीवर बसल्या बसल्या मी ठरवलं की या बाईला एकदा तरी गुडघ्यावर आणीन.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला डॉक्टरकडे नेलं. तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, काही वावगं नव्हतं. डॉक्टरबाईंनी तिच्या समोर बसून, तिच्याच डोळ्यांत बघत सांगितलं की हे दुखणं खरं असतं आणि त्यावर उपाय असतो. पहिल्या कळेलाच खाऊन गोळी, दोन दिवस, ठरलेल्या वेळी. खेळ सोडायचा नाही. आणि पाळी ढकलायची गोळी मला विचारल्याशिवाय पुन्हा घ्यायची नाही. घरी येऊन मी हे शब्दन् शब्द जेवणाच्या टेबलावर सांगितलं. सासूबाई ताटाकडे बघत जेवत राहिल्या. "डॉक्टरबी तुह्यावाली," एवढंच म्हणाल्या.

वर्ष गेलं. यंदा महालक्ष्म्यांच्या आधी पुन्हा फर्मान आलं. "तिघींसाठी आणजो." मी पोरीची तारीख मोजली. नेमकी जेवणाच्या दिवसाच्या आसपास येत होती. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तीन दिवसांचा तं प्रश्न आहे. आईशी कशाले वाद घालते?" आणि गाडीत हवा भरायला गेला.

मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मला गेल्या वर्षीच कळलं होतं. त्यांनी पुन्हा दुधाबरोबर दिल्या असत्या. म्हणून मी मुकाट्याने मान हलवली आणि दुकानात गेले. तिथे माझ्या डोक्यात ती गोष्ट आली. इतकी सोपी होती की एवढी वर्षं सुचली कशी नाही याचं नवल वाटलं.

पोट दुखतं म्हटलं की आमच्या घरात पुरावा मागतात. पण "मी बाहेरची आहे" म्हटलं की कोणी पुरावा मागत नाही. मागूच शकत नाही. शिवायचंच नाही, तर तपासणार कसं? ज्या घरात माझ्या दुखण्याला काडीची किंमत नव्हती, त्या घरात माझ्या विटाळावर सगळ्यांचा ठाम विश्वास होता.

संध्याकाळी मी खाली जावेकडे गेले. ती वालाच्या शेंगा सोलत होती.

"ताई, यंदा गोळ्या घ्यायच्या नाहीत. जेवणाच्या दिवशी सकाळी आपण तिघींनी सांगायचं, पाळी आली म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मले तं आठ महिने झाले आलीच नाही वं. बंद होत आली माही."

"ते त्यांना कुठे माहीत आहे? आठ महिन्यांनी आली म्हणून सांगा."

ती इतकी हसली की शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. मग हसू थांबलं. तिने एकेक शेंग वेचली आणि म्हणाली, "पंचवीस वर्षं ढकललेल्या साऱ्या पाळ्या एकाच दिवशी घेतो मी आता. मले मंजूर आहे."

पोरीला सांगितलं तर ती जरा घुटमळली. "आजीला एकटीला जमेल का?"

"नाही जमणार. म्हणूनच."

गोळ्या मी आणल्याच नाहीत. घरी सांगितलं, आणल्या, तिघी घेतोय, आणि पोरीची माझ्याच हाताने देते. स्थापनेच्या दिवशी आम्ही राबलो. मुखवटे बसले, साड्या नेसवल्या, भाज्या निवडल्या, सांभार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन ठेवला, डाळ भिजली. चाळीस माणसांना निमंत्रणं गेलेली. देवी बसलेली. आता मागे फिरायला जागा नव्हती, आणि मला तेच हवं होतं.

सकाळी साडेपाचला सासूबाई न्हाऊन, सोवळ्याचं लुगडं नेसून स्वयंपाकघराच्या दारात आल्या, तेव्हा आम्ही तिघी पलीकडे मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी ओळीने उभ्या होतो. मी सांगितलं. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

त्यांनी तिघींकडे एकेक करून पाहिलं. "तिघी? एकाच दिवशी?"

"एका घरात राहतो ना, आई. जुळतात म्हणे पाळ्या."

असं काही जुळत नाही, हे मला माहीत होतं. पण त्यांना ते माहीत नव्हतं, आणि पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा त्या घरात उपयोग झाला.

"अन् गोळ्या?"

"कधी कधी नाही लागू पडत."

त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. खोटं आहे असं त्यांना शंभर टक्के वाटत होतं. पण खोटं म्हणून आत घ्यावं आणि खरं निघालं तर? देवीपुढे ती जोखीम त्या घेऊच शकत नव्हत्या. मी त्यांच्याच नियमांनी त्यांना बांधून टाकलं होतं. त्यांनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "बसा मग," आणि वळल्या.

पुढचे पाच तास मला फार सुखाचे गेले, हे मी लपवणार नाही. मी आणि जाऊबाई गादीवर कान टवकारून बसलो होतो. कुकरच्या शिट्या. पातेलं पडल्याचा आवाज. मोठ्या दिरांना खोबरं किसायला बसवलेलं, त्यांचं बोट किसणीवर गेलं, त्यांचा ओरडा. माझ्या नवऱ्याला सोवळं नेसवून पुरण वाटायला लावलं होतं. त्याचा फोनवर निरोप आला, "पुरणात जायफळ किती?" मी वाचला. निळ्या खुणा त्याला दिसल्या असतील. उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने दुसरा आला, "आई बसून घेऊन राहिली मधूनमधून. गुडघे दुखते म्हणते." तोही वाचला.

"सोळा भाज्यांचं काय करून राहिले असतील?" जाऊबाई कुजबुजली.

"दाखवा म्हणावं, कुठं दुखते," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी उशीत तोंड खुपसून हसलो.

हसता हसता माझ्या लक्षात आलं की पोर खोलीत नाही. मघाशी तोंड धुते म्हणून गेली होती. मी दाराशी गेले. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता.

"आजी, मी आंघोळ केली आहे. मला नाही आली पाळी. आईला पण नाही, मोठ्या आईला पण नाही. दे, मी लाटते."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. रागाने. ज्या पोरीसाठी सगळं रामायण केलं, तीच जाऊन फितूर झाली. मी तरातरा पुढे निघाले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले, कारण मी बाहेरची होते. दीर आणि नवरा समोर बसलेले. आत पाय टाकला असता तर पोरीने सांगितलं ते त्यांच्या देखत मीच खरं ठरवलं असतं.

तिथूनच पाहिलं. पोर खाली पोळपाट घेऊन बसली होती आणि पुरणपोळी लाटत होती. सासूबाई तव्यापाशी. त्यांनी मान वर करून मला पाहिलं. आता ओरडतील, असं मला वाटलं. चुगली आता सगळ्या घरात होणार, पाहुण्यांत होणार. त्यांनी पोळी उलटली आणि दिराला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही जा आता. चौरंग मांडा. फुलं आणा." ते सुटल्यासारखे गेले.

मी दारातच उभी राहिले. पोर खाली मान घालून लाटत होती, आठ, दहा, बारा पोळ्या. दुरडीत थर चढत होता.

मग तिचं लाटणं थांबलं.

तिने लाटणं सोडलं नाही, नुसती वाकली. दुसरा हात पोटावर गेला. मी ती कळ ओळखते. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दारातूनही दिसला.

"आजी," ती म्हणाली, "आता खरंच आली वाटते."

ओट्यावर सगळा स्वयंपाक मांडलेला होता. नैवेद्य अजून दाखवायचा होता. सासूबाईंच्या कायद्याने ते सगळं, ती बारा पोळ्यांची दुरडी, ते पुरण, त्या सोळा भाज्या, विटाळलं होतं. फेकायला हवं होतं. तासाभराने चाळीस माणसं येणार होती.

खरं सांगते. माझी पोर समोर पोट धरून बसली होती आणि माझ्या मनात पहिल्यांदा आला तो आनंद. मी मागितलं होतं त्याहून शंभर पटीने जास्त मिळालं होतं. आता फेका, मी मनात म्हणाले. फेका सगळं, आणि सांगा सगळ्यांना. मी वाट पाहत उभी राहिले.

सासूबाईंनी गॅस बंद केला. दुरडीतली सगळ्यात वरची पोळी घेतली, ताटलीत ठेवली, त्यावर तूप वाढलं आणि पोरीपुढे ठेवली. देवीच्या आधी.

"खा आधी. उपाशीपोटी घ्याची नसते ते गोळी."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उभी काहून राहिली? आण ना लवकर. दुखणं चढल्यावर मंग काय उपयोग तिचा?"

मी गेले, गोळी आणली, पिशवीत गरम पाणी भरलं, पोरीला दिलं. हात यंत्रासारखे चालत होते. डोक्यात एकच गोष्ट घणाघणा वाजत होती. उपाशीपोटी नाही. दुखणं चढायच्या आधी. हे माझे शब्द होते. मी ते अठरा वर्षांत कितीदा त्या घरात बोलले असेन, भिंतींशी बोलल्यासारखी. म्हणजे या बाईने ते सगळे ऐकले होते. तिला ते पाठ होते. पाठ असूनही तिने पट्ट्या कचऱ्यात टाकल्या होत्या.

अर्ध्या तासाने पोर उठून बसली. तासाभराने घरात हिंडत होती. उलटी झाली नाही. उरलेल्या पोळ्या सासूबाईंनी लाटल्या, त्याच स्वयंपाकाचा नैवेद्य दाखवला गेला, चाळीस माणसं जेवली, पुरण छान झालंय म्हणाली. सासूबाईंनी कोणाला एक अक्षर सांगितलं नाही. सुना बाहेर आहेत म्हणाल्या, आणि पाहुण्या बायांनी त्यांचं कौतुक केलं की या वयात एकटीने केलंत हो सगळं.

सगळे गेल्यावर त्या हॉलमध्ये दिवाणावर पाय लांब करून बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. मला भांडायचं होतं. सूड माझ्या हातातून निसटला होता आणि मला तो परत हवा होता.

"आई, आता तुमच्या सोवळ्याचं काय?"

"ते माह्यं अन् तिचं पाहून घेऊ आम्ही," त्या महालक्ष्म्यांकडे बघत म्हणाल्या.

"पोरीला पाच मिनिटांत गोळी मिळाली. मला अठरा वर्षांत नाही. का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तू तं सारं काम करतच राहे ना वं. उभ्यानं पोळ्या लाटे, भांडे घासे, दुकानात जाये. पोरगी तं डोळ्यासमोर वाकली. तू कधी वाकली? मले वाटे, हिले होते सहन. मंग कशाले उगा गरम गोळ्या खा."

एवढं बोलून त्या गुडघे चोळायला लागल्या.

गेल्या वर्षी पोर फार दुखतंय म्हणाली तरी तिला नाटक म्हणणारी ही बाई, तिला मी आठवण करून देऊ शकले असते. दिली नाही. दात आवळून मी लाटलेली प्रत्येक पोळी त्यांनी माझ्याविरुद्ध धरली होती. जेवढं जास्त सोसलं, तेवढी मी खोटी ठरत गेले होते. आणि हे त्या अगदी साधेपणाने सांगत होत्या, जणू त्यात कोणाची काही चूकच नव्हती.

मी त्यांना माफ केलेलं नाही. जाऊबाई म्हणते, सोड आता, पोरीचं तं भलं झालं ना. झालं. पोर आता स्वतःची गोळी स्वतःच्या दप्तरात ठेवते, आजीच्या समोर ठेवते, आणि यंदाच्या निवडीला गेलीही. पण ते तिचं. माझं वेगळं आहे.

पुढच्या महिन्यात माझी पाळी आली. सकाळीच खाऊन गोळी घेतली, आणि दुपारनंतर दुखणं जवळजवळ गेलं होतं. संध्याकाळी कामावरून आले, चप्पल काढली, आणि स्वयंपाकघरात न जाता हॉलमधल्या दिवाणावर सगळ्यांच्या देखत आडवी झाले. गुडघे पोटाशी घेतले. कणीक मळायची वेळ झाली, टळली. नवरा दोनदा डोकावला आणि मग खरंच बाहेर जाऊन तयार पोळ्या घेऊन आला. सासूबाई आधी दारात उभ्या राहिल्या, मग जवळ आल्या, वाकल्या.

"खूप दुखून राहिलं का वं?"

अठरा वर्षांत हे पहिल्यांदा विचारलं होतं त्यांनी.

"खूप," मी म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवली.